मॉन्ट्रियलचा सात नंबर : हॉवी मॉरेंझ

हॉकी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मैदान उभे राहते आणि ओठांवर नाव येते ते मेजर ध्यानचंद यांचे. कॅनडात मात्र हॉकी म्हणजे बर्फ. १९२८ साली ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये ध्यानचंद भारताला हॉकीचे पहिले सुवर्णपदक मिळवून देत होते. त्याच वर्षी मॉन्ट्रियलमध्ये हॉवी मॉरेंझ हा पंचवीस वर्षांचा तरुण नॅशनल हॉकी लीगमधील सर्वांत मौल्यवान खेळाडूसाठीच्या हार्ट करंडकाचा मानकरी ठरला. मॉरेंझचे चरित्र जितके त्याच्या खेळाचे आहे, तितकेच ते त्याला पाहण्यासाठी हिवाळ्याच्या रात्री घराबाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांचेही आहे.

मॉरेंझचा जन्म २१ सप्टेंबर १९०२ रोजी ऑन्टारियो प्रांतातील मिचेल या छोट्या गावी एका जर्मन वंशाच्या कुटुंबात झाला. आईने त्याला पियानो शिकायला पाठवावे आणि त्याने शिकवणी चुकवून गोठलेल्या नदीवर स्केटिंग करत राहावे, असा त्याच्या बालपणीचा क्रम होता. पुढे हे कुटुंब जवळच्या स्ट्रॅटफर्डला आले. तेथे तो रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी करू लागला आणि संध्याकाळी स्थानिक संघाकडून खेळू लागला. त्याच्या वेगाची वार्ता लवकरच मोठ्या शहरांपर्यंत पोहोचली.

१९२३ साली मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचे मालक लिओ डँड्युरंड यांनी त्याला करारबद्ध केले. सही केल्यानंतर मात्र मॉरेंझचे मन कच खाऊ लागले. घर, रेल्वेतील नोकरी आणि ओळखीचे गाव सोडून परक्या भाषेच्या महानगरात जाण्याची त्याला धास्ती वाटली. आपण व्यावसायिक हॉकीच्या योग्यतेचे नाही, असेही त्याला वाटत होते. त्याने मिळालेला धनादेश परत पाठवून करारातून मुक्त करण्याची विनंती केली. डँड्युरंड यांनी त्याला मॉन्ट्रियलला बोलावून घेतले, त्याची रडकुंडीची विनवणी ऐकली आणि तरीही करार मोडायला ठाम नकार दिला. त्याच मोसमाच्या अखेरीस, १९२४ च्या वसंतात, कॅनेडियन्सनी स्टॅनली चषक जिंकला आणि नवखा मॉरेंझ त्या विजयाचा एक शिल्पकार ठरला.

त्या काळचे मॉन्ट्रियल भाषेच्या रेषेवर दुभंगलेले होते. १९२४ मध्ये इंग्रजी भाषकांसाठी मरून्स हा संघ उभा राहिला, तर कॅनेडियन्स फ्रेंच भाषकांचे मानले जात. १९२६ पासून दोन्ही संघ फोरम या एकाच बंदिस्त रिंकवर खेळू लागले आणि त्यांच्या लढतींना शहरातील दोन समाजांच्या चुरशीचे स्वरूप आले. फोरमच्या एका टोकाला स्वस्त तिकिटांचे बाक असत. तेथे गर्दी करणाऱ्या कामगारवर्गाला गमतीने मिलियनेअर्स, म्हणजे लक्षाधीश, असे नाव पडले होते. खिसा रिकामा, पण घसा खणखणीत, असा हा वर्ग होता. ऑन्टारियोतून आलेला, इंग्रजी बोलणारा, प्रॉटेस्टंट घरातला मॉरेंझ या फ्रेंच भाषक कॅथलिक प्रेक्षकांच्या गळ्यातला ताईत व्हावा, ही त्या शहराच्या इतिहासातील विलक्षण घटना म्हटली पाहिजे.

हे कसे घडले, याचे उत्तर तत्कालीन नियमांत दडलेले आहे. १९२० च्या दशकाच्या बऱ्याच काळात पक पुढे सरकवून सहकाऱ्याला देण्यावर कडक निर्बंध होते. प्रतिस्पर्ध्याच्या टापूत असा पास देण्याची मुभा १९२९ मध्ये मिळाली. तोवर पक स्वतःच्या स्टिकवर खेळवत बचावफळी भेदणे, हाच गोलकडे जाण्याचा राजमार्ग होता आणि त्या मार्गावर मॉरेंझला तोड नव्हती. तो आपल्या गोलजवळ वळसा घेऊन मध्यरेषेकडे झेपावला, की प्रेक्षक जागेवरून उठून उभे राहत. डाव्या बाजूला चणीने लहान पण जिद्दीचा ओरेल जोलिया आणि पुढील काळात उजवीकडे जॉनी गॅन्यों अशी त्रयी जमली. १९२९-३० च्या मोसमात त्याने ४४ सामन्यांत ४० गोल केले. त्या वर्षीच्या अंतिम फेरीत कॅनेडियन्सनी बलाढ्य बोस्टन ब्रुइन्सना नमवले. साखळीतील ४४ सामन्यांपैकी अवघे पाच गमावलेला हा संघ अंतिम फेरीत सलग दोन सामने हरला. १९३१ मध्ये चषक पुन्हा मॉन्ट्रियलला आला. १९३१ आणि १९३२ अशी सलग दोन वर्षे हार्ट करंडकही मॉरेंझकडेच राहिला.

मैदानाबाहेर तो शौकीन होता. उंची कपडे, घोड्यांच्या शर्यती आणि युकुलेली हे वाद्य यांची त्याला आवड होती. पराभव मात्र त्याला सोसवत नसे. हरलेल्या सामन्यानंतर तो रात्र रात्र मॉन्ट्रियलच्या रस्त्यांवर एकटाच भटकत राही.

सारा खेळ वेगावर उभा असलेल्या खेळाडूचा वेग ओसरू लागला, की त्याला आडोसा उरत नाही. दुखापती वाढल्या. १९३३-३४ च्या मोसमात त्याचे केवळ आठ गोल झाले आणि ज्या फोरमने त्याला डोक्यावर घेतले होते, त्याच फोरममधून हुर्यो ऐकू येऊ लागली. हे त्याच्या जिव्हारी लागले. १९३४ मध्ये त्याला शिकागो ब्लॅक हॉक्सकडे पाठवण्यात आले आणि १९३६ च्या जानेवारीत तो न्यूयॉर्क रेंजर्सकडे गेला. दोन्हीकडे त्याचा जीव रमला नाही. अखेर सेसिल हार्ट पुन्हा कॅनेडियन्सचे प्रशिक्षक झाले आणि त्यांच्या आग्रहामुळे १९३६ च्या शरद ऋतूत मॉरेंझ घरी परतला. अंगावर पुन्हा सात क्रमांकाचा पोशाख चढला. गोल पूर्वीइतके होत नव्हते, पण सहकाऱ्यांना गोलची संधी मिळवून देणारा अनुभवी मॉरेंझ पुन्हा बहरू लागला होता. फोरममध्ये हुर्योच्या जागी जयघोष आला.

२८ जानेवारी १९३७ रोजी फोरममध्ये शिकागोविरुद्ध सामना होता. कोपऱ्याकडे वेगाने जाताना मॉरेंझ पडला, त्याच्या स्केटचे पाते कडेच्या लाकडी फळीत रुतले आणि पाठोपाठ आलेला बचावपटू अर्ल सीबर्ट त्याच्यावर आदळला. पाय अनेक ठिकाणी मोडला. रुग्णालयातील त्याच्या खोलीत मित्र आणि चाहत्यांची रीघ लागली, पण आपण पुन्हा खेळू शकणार नाही या विचाराने तो खचत गेला. ८ मार्च रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, रक्ताच्या गुठळीने त्याचा अंत झाला. भग्न हृदयानेच तो गेला, असे त्याचे सहकारी पुढे मानत राहिले.

११ मार्च रोजी त्याची शवपेटी फोरमच्या मध्यभागी, जेथे तो दर सामन्याच्या आरंभी उभा राही तेथेच, ठेवण्यात आली. हजारो लोक त्याच खुर्च्यांवर आणि त्याच स्वस्त बाकांवर स्तब्ध बसले होते. फ्रेंच आणि इंग्रजी, कॅनेडियन्सचे आणि मरून्सचे, हा भेद त्या दिवशी कोणाला आठवला नाही. अंत्यदर्शन घेणाऱ्यांची संख्या सुमारे ५०,००० सांगितली जाते. टाळ्या आणि हुर्यो या दोन्हींची सवय असलेल्या त्या वास्तूने इतकी शांतता क्वचितच अनुभवली असेल. माउंट रॉयल दफनभूमीत त्याला निरोप देण्यात आला.

२ नोव्हेंबर १९३७ रोजी त्याच्या कुटुंबाच्या मदतीसाठी फोरममध्ये एक विशेष सामना झाला. मॉन्ट्रियलच्या दोन्ही संघांतील खेळाडू एकत्र येऊन लीगमधील निवडक खेळाडूंविरुद्ध खेळले. कॅनेडियन्सनी सात क्रमांक कायमचा निवृत्त केला. संघाच्या इतिहासात असा मान प्रथमच कोणाला मिळत होता. १९४५ मध्ये हॉकी हॉल ऑफ फेमच्या पहिल्या मानकऱ्यांत त्याचा समावेश झाला आणि १९५० मध्ये कॅनडाच्या पत्रकारांनी त्याला अर्धशतकातील सर्वोत्तम हॉकीपटू ठरवले.

त्याच्या मुलीचा विवाह पुढे कॅनेडियन्सचाच विख्यात खेळाडू बर्नी जेफ्रियन याच्याशी झाला. जेफ्रियनचा पाच क्रमांकही कालांतराने निवृत्त करण्यात आला. २०१२ साली मॉरेंझचा पणतू ब्लेक जेफ्रियन कॅनेडियन्सकडून खेळू लागला, तेव्हा आजोबांचा पाच आणि पणजोबांचा सात हे दोन्ही क्रमांक त्याला वर्ज्य होते. त्याने दोन्ही शेजारी ठेवले आणि पाठीवर ५७ लिहून तो बर्फावर उतरला.