गाणे लोकांचे, नाव वामनदादांचे

आंबेडकरी चळवळीचा इतिहास लिहिताना महाड, काळाराम मंदिर, पुणे करार, दीक्षाभूमी यांची नोंद होते आणि ती झालीच पाहिजे. परंतु जिथे वर्तमानपत्र पोहोचत नव्हते आणि पोहोचले तरी वाचता येत नव्हते, त्या वस्तीत परमपूज्य बाबासाहेबांचा विचार कुणी नेला? तो नेला जलशांनी, ढोलकीने आणि पेटीने. भीमराव कर्डक व त्यांच्या सोबत्यांनी १९३० च्या दशकात ही वाट पाडली. पुढे ती घराघरांपर्यंत नेणारे महाकवी म्हणजे वामनदादा कर्डक.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्याच्या सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावी झाला. पोटासाठी मुंबई गाठली, गिरणीत राबले, मिळेल ती मजुरी केली. शिवडीच्या बी. डी. डी. चाळीत राहताना ते समता सैनिक दलात गेले. तोवर त्यांना अक्षर येत नव्हते. कुणीतरी पत्र वाचून दाखवायला पुढे केले आणि दादांना ते वाचता येईना. ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली. देहलवी मास्तरांनी त्यांना बाराखडी शिकविली. जोडाक्षरे ते दुकानांच्या पाट्या वाचून शिकले. विशीत अक्षरओळख झालेल्या या माणसाने पुढे आयुष्यभर गाणी लिहिली.

सिनेमात नट व्हावे, हे त्यांचे तरुणपणीचे स्वप्न होते. स्टुडिओत एक्स्ट्रा म्हणून त्यांनी काम केले. पडद्याने त्यांना जागा दिली नाही, पण पडद्यावरच्या चाली त्यांच्या कानात राहिल्या. १९४३ साली रचलेले त्यांचे पहिले गाणे म्हणजे एका हिंदी सिनेगीताचे विडंबनच होते.

सिनेमाच्या चाली घेतल्या म्हणून प्रस्थापित साहित्यिकांनी भीमगीतांना उसनवारी म्हणून हिणवले. आम्हाला मात्र त्यात दादांची दूरदृष्टी दिसते. जी चाल रेडिओने आणि बँडवाल्यांनी आधीच गल्लीत पोहोचवली आहे, ती कुणाला शिकवावी लागत नाही. शिकायचे उरतात ते फक्त शब्द. दिवसभर राबून आलेल्या बाईला ते दोनदा ऐकून पाठ होतात, आणि तिसऱ्या वेळी ती स्वतः गाते. ना शाळा लागते, ना पुस्तक, ना पैसा. चाल प्रस्थापितांच्या करमणुकीची आणि आशय मात्र दीक्षेचा, जमिनीचा, माणुसकीचा! याहून स्वस्त आणि प्रभावी प्रचारसाधन गरिबांच्या चळवळीजवळ दुसरे कोणते होते?

आणि दादा केवळ स्तुतिपाठक नव्हते. ६ डिसेंबर १९५६ नंतर पोरक्या झालेल्या समाजाला त्यांनी रडत बसू दिले नाही. बड्या भांडवलदारांची नावे घेऊन त्यांनी कष्टकऱ्यांच्या वाट्याचा हिशेब मागितला. रिपब्लिकन पक्षाची शकले होत असताना, भीमरायाच्या मताची पाच माणसे तरी राहिली आहेत काय, असा जाब त्यांनी गाण्यातून आपल्याच पुढाऱ्यांना विचारला. नेत्यांना भर सभेत जे ऐकवता येत नव्हते, ते दादांच्या गाण्याने ऐकवले. लोकगीताची हीच खरी राजकीय ताकद होय.

मागेल त्याला त्यांनी गाणे लिहून दिले. गावोगाव फिरले, झोपडीत मुक्काम केला, संपत्ती जमवली नाही. १५ मे २००४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

आता मुद्द्याचे बोलू. जयंतीच्या मिरवणुकीत दादांची गाणी दणाणतात, मोबाईलवर लाखो लोक ती ऐकतात. पण गायकाचे नाव ठळक आणि गीतकाराच्या नावाचा पत्ता नाही, हे दृश्य कॅसेटच्या काळापासून नेहमीचे आहे. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात दादा आपले नाव गुंफत. ते कडवेच गाळले, की कवीच गायब! चालच दुसऱ्याची, मग गाणे कुणाचेही, असे काहीजण बेधडक सांगतात. कायद्याने हे साफ चूक आहे. गाण्याचे शब्द आणि त्याचे संगीत या दोन स्वतंत्र कृती आहेत. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार शब्दांवरील हक्क कवीच्या निधनानंतर ६० वर्षे राहतो. म्हणजे दादांच्या गीतांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत अबाधित आहे. त्याशिवाय कलम ५७ अन्वये, कृती आपली आहे हे सांगण्याचा कवीचा हक्क, ती विकून टाकली तरी संपत नाही.

ज्यांच्या श्रमाची नोंद या व्यवस्थेने कधीच ठेवली नाही, त्यांची ही चळवळ आहे. मग आपल्याच कवीचे नाव पुसले जात असेल तर आपण गप्प कसे बसायचे? प्रत्येक मंडळाने गाणे वाजविण्यापूर्वी गीतकाराचे नाव जाहीर करावे. गायकांनी नावाचे कडवे गाळू नये. गाणे मोबाईलवर टाकणाऱ्याने गीतकाराचे नाव आधी लिहावे. यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही, पैसाही लागत नाही. वामनदादांना हीच खरी आदरांजली ठरेल.

जयभीम!