पाहुण्या पाखरांचा अभ्यासक : डॉ. सलीम अली

हिवाळ्यात वडगाव रासाईच्या शिवारात ज्वारी हुरड्याला आली की भोरड्यांचे थवे उतरतात. आपण गोफण घेऊन त्यांना हाकलतो. पण हे पाहुणे कोठून येतात, परतीच्या लांब प्रवासाचे बळ कोठून आणतात, हे किती जण विचारतात? अशा प्रश्नांसाठी ज्यांनी आयुष्य वेचले, ते डॉ. सलीम अली.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. बालपणीच आईवडील गेले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांनी त्यांना वाढविले. एकदा छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ती कोणती, हे विचारायला हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि त्याच्या आयुष्याची वाट ठरली.

वाट मात्र सोपी नव्हती. १९१३ साली ते मॅट्रिक कसेबसे पास झाले. विद्यापीठाची पदवी नसल्याने सरकारी पक्षितज्ज्ञाची जागा हुकली. जर्मनीत शिकून १९३० साली परतले, तर म्युझियममधील नोकरीही गेलेली! तेव्हा किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचे निरीक्षण केले. त्याच अभ्यासाने त्यांचे नाव झाले.

१९५९ पासून त्यांच्या नेतृत्वाखाली सोसायटीने स्थलांतरित पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे मोठे काम हाती घेतले. कडे घालताना पक्ष्याचे वजनही करतात. त्यातून निसर्गाची एक अजब व्यवस्था कळते. वसंतात दिवस मोठा होऊ लागला की पक्ष्याच्या शरीरातील अंतःस्राव बदलतात व भूक वाढते. चरबी साठते; काही लहान पक्ष्यांचे वजन जवळजवळ दुप्पट होते. तितक्याच वजनाच्या पिष्टापेक्षा चरबीतून दुपटीहून अधिक शक्ती मिळते. ही शिदोरी प्रवासात खर्च होते आणि मुक्कामी पोचल्यावर भूक पुन्हा बेताची होते. गरजेपुरते साठवावे, काम झाले की थांबावे, हा धडा पाखरे न शिकता जाणतात.

१९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. २० जून १९८७ रोजी ते निवर्तले.

पालकांनो, मुलाला गुण कमी पडले म्हणून त्याचे शिक्षण थांबवू नका. त्याला कशाची ओढ आहे, ते आधी पाहा. आणि विद्यार्थ्यांनो, यंदा भोरड्या येतील त्या दिवसाची तारीख वहीत लिहा. अभ्यासाची सुरुवात तेवढ्यानेही होते.