कोसबाडच्या अनुताई

आपल्या संप्रदायात दोन पोरक्या मुलींचे स्थान फार मोठे आहे. एक मुक्ताबाई. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, गावाने भावंडांना वाळीत टाकले, त्यांतली ही धाकटी. दुसरी जनाबाई. गंगाखेडची ही पोर लहानपणीच पंढरीला नामदेवरायांच्या घरी आली आणि दळणकांडण, शेणीगोवऱ्या करीत राहिली. या दोघींपुढे आम्ही मस्तक ठेवतो. कीर्तनात त्यांची कथा लागली की डोळ्यांना पाणी येते. पण वारीच्या वाटेवर एखादी अनवाणी, धुळीने माखलेली पोर कडेवर भावंड घेऊन उभी दिसली, तर तिच्यात जनी दिसावी एवढी आमची नजर निवळली आहे काय? ज्यांना अशी नजर लाभली होती त्या अनुताई वाघ यांचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सफाळे-पालघरकडच्या माळकरी मंडळींना अनुताईंचे कार्यक्षेत्र लांबचे नाही. सफाळ्याहून गाडीने डहाणूच्या अंगाला निघाले की केळवे रोड, पालघर, बोईसर, वाणगाव करीत डहाणू रोड येते आणि त्याच्या पुढचे स्टेशन घोलवड. बोर्डी आणि कोसबाडची टेकडी त्याच भागात. हा मुलूख आज पालघर जिल्ह्यात आहे. २०१४ सालापर्यंत तो ठाणे जिल्ह्यात होता.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी मोरगावी झाला. जेजुरीजवळचे, मोरेश्वराचे हे गाव. त्या काळच्या रीतीप्रमाणे तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आत नवरा वारला. संसार म्हणजे काय हे कळण्याआधीच पोर विधवा झाली. आईबाप हयात असले तरी बालविधवा त्या काळी अनाथच. सणासुदीला तिने पुढे यायचे नाही, हळदीकुंकवाला बसायचे नाही, घरच्या कामाला मात्र सर्वांच्या आधी उठायचे. बामणाघरची कितीतरी मुले-लेकरे अशी माजघराच्या अंधारात सुकून गेली. अनुताईंचे दैव एवढे की घरच्यांनी त्यांना शिकू दिले. व्हर्नाक्युलर फायनल झाली. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून १९२९ साली त्या शिक्षिका होऊन बाहेर पडल्या. चांदवड-पिंपळगावकडे खेड्यांत चार वर्षे शिकवले आणि १९३३ पासून पुण्याच्या हुजूरपागेत नोकरी केली. दिवसा मुलींना शिकवायचे आणि रात्रीच्या शाळेत स्वतः शिकायला बसायचे, अशा रीतीने त्या मॅट्रिक झाल्या.

एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तरी कोणी नावे ठेवली नसती. हुजूरपागा नावाजलेली शाळा, पगार वेळेवर, पुण्यासारखे गाव. परंतु कस्तुरबा गांधी १९४४ साली वारल्या, त्यांच्या नावाने खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्यासाठी निधी उभा राहिला आणि बोरिवलीला सेविकांसाठी शिबिर भरले. अनुताई त्या शिबिराला गेल्या. तेथे त्यांची गाठ ताराबाई मोडक यांच्याशी पडली.

ताराबाईंविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला त्यांनी लहान मुलांच्या शिक्षणाचे काम केले होते, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला होता. शहरातल्या खात्यापित्या घरच्या मुलांना मिळते ते शिक्षण खेड्यातल्या गरिबाच्या मुलाला का मिळू नये, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. म्हणून १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई पुण्याची नोकरी सोडून त्यांच्याबरोबर तेथे आल्या. त्या वेळी त्या पस्तीस वर्षांच्या होत्या. पुढची सत्तेचाळीस वर्षे त्या याच भागात राहिल्या.

बोर्डी गाव तसे सधन. चिकूच्या वाड्या, जुनी शाळा, सगळे होते. बालवाडी उघडली आणि गावातल्या बऱ्या घरची मुले आली. हरिजनवाड्यातली आणि आदिवासी पाड्यांवरची मात्र येईनात. येणार कशी? अंगावर धड कपडा नाही, आईबाप पहाटेच कामावर गेलेले. आतल्या भागातल्या वारल्यांचे हाल तर त्या काळी विचारूच नयेत. लग्नासाठी सावकाराचे कर्ज घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, त्याच्या शेतावर राबायचे. नवऱ्याबरोबर बायकोनेही राबायचे. याला लग्नगडी म्हणत. हे जोखड झुगारण्यासाठी १९४५ सालीच गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या पुढारपणाखाली वारली उठले होते.

मुले शाळेत येत नाहीत, तेव्हा या बाईंनी शाळाच मुलांकडे नेली. पाड्यावर जायचे, कोणाच्या तरी झोपडीपुढचे अंगण झाडून घ्यायचे आणि तेथेच मुले गोळा करून बसायचे. आधी हातपाय धुवायचे, नखे कापायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. विकतची साधने गरिबाला कोठून परवडणार? शिंपले, चिंचोके, पाने, खडे यांवरच मोजणी आणि रंगांची ओळख. अंगणात भरते म्हणून तिला अंगणवाडी म्हणू लागले. भारत सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. आज देशभर गावोगाव अंगणवाडी आहे, आणि ती चालवणारी सेविका त्याच भागातली बाई असते. पंढरीचा देव भक्ताच्या दारी आला आणि विटेवर उभा राहिला, असे आम्ही सांगतो. येथे तर विद्याच दारी येऊन मातीच्या अंगणात बसली.

पुढे १९५६-५७ च्या सुमारास केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. आता सगळीकडे आदिवासी पाडे. मोठी मुले गुरे राखायला रानात, आणि आठ-दहा वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड. मुलीला शाळेत ये म्हटले तर भावंडाला कोठे ठेवायचे? अनुताईंनी आणि ताराबाईंनी यावर सोपा उपाय काढला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी मांडली आणि तिला विकासवाडी म्हटले. ताईने येताना तान्हे भाऊबहीण घेऊनच यावे. तान्हे पाळण्यात, दुसरे बालवाडीत, आणि ताई पाटीपुढे. आमच्या मते अनुताईंच्या सगळ्या कामाचे मर्म या एका गोष्टीत आहे. मुलगी शाळेत येत नाही म्हणून तिला किंवा तिच्या आईला बोल न लावता, तिच्या कडेवरचे ओझे कोणी उचलायचे ते त्यांनी आधी पाहिले.

गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली. गुरे चरतात तेथे शिक्षकाने जायचे आणि झाडाखाली वर्ग भरवायचा. गोकुळचा गोपाळ गाई राखता राखताच सवंगड्यांचा काला करी, हे आम्हांला ठाऊक आहे; पण गुराख्याच्या पोरांत बसून त्याला अक्षर द्यावे, हे सुचायला अनुताई लागल्या.

एक गोष्ट मनाला फार लागते. वारल्यांत विधवेला पुन्हा घर मांडता येते. त्यात कोणाला पाप वाटत नाही. ज्यांना आम्ही रानटी म्हणून नाके मुरडीत होतो, त्यांनी बाईचा हा हक्क कधी काढून घेतला नव्हता. शहाण्यासुरत्या समाजाने तेराव्या वर्षी जिची वाट बंद केली, ती बाई त्या लोकांत गेली आणि त्यांच्या लेकरांची आई झाली. तिने कोणावर राग धरून हे केले असते तर एवढी वर्षे टिकले नसते.

काम चालू असताना स्वतःचे शिकणेही त्यांनी सोडले नाही. १९६१ साली, एक्कावन्नाव्या वर्षी, त्या पदवीधर झाल्या. १९७३ साली ताराबाई गेल्या आणि सगळा भार अनुताईंवर आला. लहान मुलांबरोबर पाड्यावरच्या मुली व बाया यांना शिकवून तयार करणे हेही काम त्यांनी वाढवले. उतारवयात ठाणे जिल्ह्यातल्या स्त्रियांच्या जागृतीसाठी त्या हिंडल्या. ‘शिक्षणपत्रिके’चे संपादन केले, ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन लिहिले. सरकारने त्यांना पद्मश्री दिली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी कोसबाडलाच त्यांनी देह ठेवला.

अनुताईंच्या गळ्यात माळ होती की नव्हती, हे आम्ही विचारीत नाही. भूतमात्रात देव पाहावा, हे आम्ही रोज ऐकतो आणि बुक्का लावून घरी जातो. त्यांनी ते सत्तेचाळीस वर्षे केले. सहा महिन्यांच्या संसाराने ज्या पोरीला जगाने निकालात काढले होते, तिच्या हातून हजारो लेकरांना पहिले अक्षर मिळाले.

तेव्हा माळकरी बंधुभगिनींनो, वारीहून घरी परतल्यावर एक करा. आपल्या गावची अंगणवाडी एकदा जाऊन पाहा. छप्पर गळते का, पाणी आहे का, सेविकाबाईंना काही हवे-नको का, हे विचारा. आणि पाड्यावरची, वस्तीवरची एखादी मुलगी घरकामापायी किंवा भावंडापायी शाळेला मुकत असेल, तर तिच्या कडेवरचे ओझे काही वेळ कोण घेईल ते ठरवा. गावात भजनी मंडळ आहे, हरिपाठाला माणसे जमतात. मग एवढे काम जड नाही. जनीचे जाते ओढायला देव आला होता असे आपण मानतो. आपल्या गावच्या जनीच्या जात्याला हात लावायला आता आपण जायचे आहे.