शिवकर बापूजी तळपदे

शिवकर बापूजी तळपदे (इ.स. १८६४ – इ.स. १९१६) हे मुंबईतील संस्कृतचे अभ्यासक, लेखक आणि विमानविद्येचे हौशी प्रयोगकर्ते होते. इ.स. १८९५मध्ये त्यांनी गिरगाव चौपाटीवरून मानवरहित यान उडवल्याचे सांगितले जाते. हा दावा वादग्रस्त आहे.

जीवन

तळपदे यांचा जन्म मुंबईतील पाठारे प्रभू कुटुंबात झाला. सर जे.जे. कलाशाळेत शिकत असताना चिरंजीलाल वर्मा या शिक्षकांमुळे त्यांना स्वामी दयानंद सरस्वतींच्या वेदभाष्याचा परिचय झाला. वेदांत विमानविद्येचे उल्लेख आहेत, या दयानंदांच्या प्रतिपादनाने ते प्रभावित झाले. पुढे ते आर्य समाजाच्या कार्यात सहभागी झाले. प्राचीन विमानकलेचा शोध हे त्यांचे मराठी पुस्तक प्रसिद्ध आहे.

१८९५चे उड्डाण

प्रचलित कथेनुसार 'मरुत्सखा' नावाचे यान सुमारे १,५०० फूट उंच जाऊन खाली कोसळले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व सयाजीराव गायकवाड यांच्या उपस्थितीचाही उल्लेख केला जातो. मात्र यानाचे छायाचित्र, मोजमापे किंवा अवशेष उपलब्ध नाहीत. यान पाऱ्यावर चालत असे, असेही सांगतात. परंतु पारा हे जळण नव्हे आणि त्याची वाफ करण्यास ३५७ अंश सेल्सियस तापमान लागते.

याच काळात अमेरिकेत सॅम्युएल लँगली यांनी ६ मे, इ.स. १८९६ रोजी वाफेच्या यंत्रावर चालणारी मानवरहित प्रतिकृती पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडवली. नौकेवरून स्प्रिंगच्या जोराने ती हवेत सोडली होती. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी घेतलेल्या छायाचित्रामुळे या उड्डाणाची इतिहासात निःसंदिग्ध नोंद झाली.

मूल्यमापन

तळपदे यांचा संबंध पंडित सुब्बराय शास्त्री यांच्याशी जोडला जातो. शास्त्री यांनी सांगितलेला वैमानिकशास्त्र हा ग्रंथ इ.स. १९१८ ते १९२३ या काळात, म्हणजे तळपदे यांच्या निधनानंतर, लिहून घेतला गेला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी इ.स. १९७४मध्ये त्याची चिकित्सा केली. ग्रंथ विसाव्या शतकातील असून त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली तळपदे यांनी केलेल्या प्रतिकृतींपैकी एकही उडू शकली नाही, अशी नोंदही त्यांच्या लेखात आहे.

त्यामुळे राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी विमान उडवणारा भारतीय, हे तळपदे यांचे वर्णन सिद्ध झालेले नाही. राइट बंधूंचे इ.स. १९०३मधील उड्डाण मानवसहित व नियंत्रित असल्याने ही तुलनाही समान पातळीवरची नाही. तथापि, मानवसहित, नियंत्रित व यंत्रचलित विमानाचे उड्डाण जगात कोठेच साध्य झालेले नव्हते अशा काळात एका मराठी अभ्यासकाने त्याचा ध्यास घेतला, म्हणून त्यांचे नाव स्मरणात राहिले आहे.

लोकप्रिय माध्यमांत

इ.स. २०१५मध्ये प्रदर्शित झालेला, विभू पुरी दिग्दर्शित हवाईजादा हा हिंदी चित्रपट तळपदे यांच्या जीवनावर बेतलेला आहे. त्यात आयुष्मान खुराना यांनी प्रमुख भूमिका केली आहे.