तांबड्या फुलाची पांढरी कड

वाचकहो, अंगणांत तेरडा एकदां लावला म्हणजे त्याचें बीं आपोआप झडून पुढल्या पावसाळ्यांत तो पुनः उगवतो, हें आपण पाहतोंच. अशाच आपोआप उगवणाऱ्या एका फुलामुळें ज्यांचें नांव देशोदेशींच्या बागवानांस ठाऊक झालें, त्या रेव्हरंड विल्यम विल्क्स ह्यांचें चरित्र आम्ही आज थोडक्यांत सांगतों.

त्यांचा जन्म इंग्लंडांत केंट परगण्यांतील अ‍ॅशफर्ड येथें १८४३ सालीं झाला. केंब्रिज येथें शिक्षण झाल्यावर ते क्रॉयडन येथें साहाय्यक पाळक झाले, आणि १८७९ सालीं जवळच्याच शर्ली गांवीं पाळक म्हणून गेले. त्यांची बाग शेतांस लागून होती, व तिच्या एका ओसाड कोपऱ्यांत रानपॉपी माजली होती. ही खसखशीच्या कुळांतील; परंतु हिच्यापासून अफू निघत नाहीं. तिकडील शेतकरी हिला पिकांतील तण समजत. हिचें झाड एका हंगामांत मरतें. पण सुकलेल्या बोंडाच्या टोपीखालीं छिद्रें पडतात, आणि वाऱ्यानें देठ हालला कीं बारीक बीं भोंवतालीं सांडतें. तें मातींत खोल गेल्यास कित्येक वर्षें निजून राहतें, व नांगरानें वर आलें म्हणजे उगवतें.

१८८० सालीं त्या कोपऱ्यांतील एका फुलावर विल्क्ससाहेबांची दृष्टि गेली. सर्व फुलें तांबडीं भडक. ह्या एकाच्याच पाकळ्यांना बारीक पांढरी कड होती. दुसऱ्या कोणीं तण म्हणून तें उपटलें असतें. त्यांनीं त्यास खूण करून त्याचेंच बीं राखलें. पुढल्या वर्षीं सुमारें २०० झाडें आलीं, पण कड दिसली ती चारपांचांवरच! तरी ते खचले नाहींत. त्यांतील उत्तम झाडांचें बीं धरून त्यांनीं वर्षानुवर्षें हाच क्रम चालविला. रंग फिकट होत होत गुलाबी व शुभ्र फुलें मिळालीं. मग मध्यावरील काळा डाग घालविण्यास ते लागले, आणि अखेर तोही गेला.

हें काम सोपें नव्हे. मधमाशा एका फुलाचा पराग दुसऱ्यावर नेतात. काळ्या डागाच्या झाडांस बीं धरूं दिलें, तर पुढल्या पिढ्या हळूहळू मूळच्या रानटी रूपावर जातात, व मागील श्रम वायां जातात.

एवढ्या कष्टांचें बीं त्यांनीं मागणाऱ्यांस फुकट वांटलें. आज तें फूल शर्ली पॉपी ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. १८८८ पासून ३० वर्षांहून अधिक काळ त्यांनीं रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचें चिटणीसपण केलें, व अडचणींत आलेल्या त्या संस्थेस ऊर्जितावस्था आणली. शर्लीची मंडळी त्यांनीं १९१२ पर्यंत सांभाळली. १९२३ सालीं ते निवर्तले.

वाचकहो, यंदा आपल्या तेरड्यांत एखादें निराळें फूल दिसलें, तर त्या झाडास दोरा बांधा. बोंड फुटून बीं उडण्यापूर्वीं तें काढून कागदाच्या पुडींत ठेवा, आणि शेजाऱ्यानें मागितल्यास त्यालाही द्या. आमच्या मंडळ्यांतही कोणी न पाहिलेले कोपरे आहेत. तेथें खुरपें घालण्याआधीं खालीं वांकून पाहावें, इतकेंच आम्हांस सांगावयाचें आहे.