पंडिता रमाबाई : भरवशाचे घर

भगिनींनो, देवावर भरवसा ठेवावा असे आपण एकमेकींना सहज सांगतो. पण पोटात अन्न नसता आणि पाठीशी माणूस नसता तो भरवसा टिकतो का, याचे उत्तर पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडते.

२३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या अरण्यात अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. बायकांनी संस्कृत शिकणे हे पाप, अशी समजूत होती त्या काळी शास्त्रीबोवांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि त्या माउलीने आपल्या लेकीला. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडे. पुढे दुष्काळात वडील, आई व थोरली बहीण एकामागून एक गेली. उरलेली दोघे भावंडे उपाशीतापाशी वाट तुडवीत राहिली.

१८७८ साली ती कलकत्त्यास पोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पण सुख अल्पकाळचे ठरले. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत वैधव्य आले. कन्या मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला.

१८८३ साली त्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. तेथे वाट चुकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी त्यांनी पाहिल्या. समाजाने टाकलेल्या बाईला इतक्या मायेने जवळ का घेतात, असे त्यांनी विचारले, तेव्हा येशू ख्रिस्त व शोमरोनी स्त्री यांची कथा त्यांना वाचावयास मिळाली. पतितेचाही अव्हेर न करणारी ही करुणा त्यांच्या अंतःकरणाला भिडली आणि त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

अमेरिकेतील हितचिंतकांनी दहा वर्षे मदत देण्याचे ठरविले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई या तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. परंतु काही मुली बाईंच्या प्रार्थनेला बसू लागताच, सदनात धर्मप्रसार चालतो असा आक्षेप निघाला. १८९३ साली न्या. रानडे, डॉ. भांडारकर अशा मोठ्या माणसांनी अंग काढून घेतले आणि अनेक मुलींना पालक घेऊन गेले. आपली प्रार्थना दार लावून करावी, हे मात्र बाईंच्या मनाला पटले नाही.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. लहानपणीची भूक त्या विसरल्या नव्हत्या. गाठीला पुरेसा पैसा नसताना त्या तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. केडगावला फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर तंबू व झोपड्या उभ्या राहिल्या. तेच मुक्ती सदन. १८९८ साली अमेरिकेच्या मदतीची मुदत संपली, तरी दार लागले नाही. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळात आणखी शेकडो जणी आल्या.

भरवसा म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे, असे बाईंनी कधी मानले नाही. त्या पहाटे प्रार्थना करीत आणि दिवसभर विहिरी, शेती, विणकाम, छापखाना यांची व्यवस्था पाहत. देवाची करुणा त्या मागत, तशी ती आपल्या हातांनी दुसऱ्यांना वाटीत. मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्यांनी बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणले.

१९२१ साली मनोरमाबाई गेल्या. एवढ्या दुःखातही त्यांनी भाषांतराचे काम सोडले नाही. ते हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. केडगावचे ते घर आजही निराधारांना आसरा देत आहे.

धर्म ज्याचा त्याचा. पण आपल्या दाराशी एखादी अभागी भगिनी आली, तर आधी डब्यातले धान्य मोजावे की आधी दार उघडावे, एवढे तरी रमाबाईंपासून आपण शिकावे.