अजिंठ्याच्या भिंती वाचणारा चित्रकार

बुलढाणें ज्या डोंगररांगेवर वसलें आहे, तिच्याच पश्चिमेकडील एका दरींत, वाघूर नदीच्या वळणावर, अजिंठ्याचीं लेणीं आहेत. आमच्या बालवाचकांना चित्रकथांचीं पुस्तकें प्रिय असतात. परंतु चित्रांनींच कथा सांगण्याची कला या भिंतींवर सुमारें दीड हजार वर्षांपूर्वीं पूर्णत्वास पोहोंचली होती. तिच्या सेवेंत ज्यांनीं आयुष्य वेंचिलें, त्या मेजर रॉबर्ट गिल यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

गिल यांचा जन्म १८०४ सालचा. ते मद्रासच्या फौजेंत अधिकारी असतां, १८४४ सालीं कंपनी सरकारनें त्यांस अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृति करण्यास नेमिलें. अंधाऱ्या लेण्यांत बसून ते मोठमोठ्या कापडांवर तैलरंगांत त्या उतरवूं लागले. प्रतिकृति करावयाची म्हणजे रेघ न् रेघ न्याहाळावयाची, अर्थात् भिंत वाचावयाची. सतराव्या लेण्यांतील विश्वंतर राजपुत्राची दानकथाच पाहा. तोच राजपुत्र एका भिंतीवर पुनः पुनः दिसतो. कोठें राजवाड्यांत, कोठें रथांत, कोठें वनांत. मध्यें चौकटी नाहींत. एखादा खांब, एखादें दार किंवा एखादा वृक्ष प्रसंग पालटल्याचें सुचवितो. पाहणाराची दृष्टि चालूं लागली कीं कथाही चालूं लागते.

त्यांच्या बहुतेक प्रतिकृति लंडननजीक सिडनॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडल्या होत्या. १८६६ च्या डिसेंबरांत तेथें आग लागली आणि वर्षानुवर्षांचे श्रम भस्मसात् झाले. दुसरा कोणी असता तर हताश होऊन स्वदेशीं परतता. गिल यांनीं पुनः कुंचला हातीं घेतला. दरम्यान ते छायाचित्रणही शिकले होते. आपल्या जिल्ह्यांतील लोणारच्या देवळांचीं जुनीं छायाचित्रें त्यांनीं काढलेलीं आहेत. १८७९ सालीं ते निवर्तले. भुसावळ येथें त्यांची कबर आहे.

गिल यांच्या काळीं दिसणारा बराचसा रंग व गिलावा पुढें झडून गेला. भिंतीवरचें एक चित्र गेलें कीं कथेंतील एक प्रसंगच कायमचा मुका होतो. जळून गेलेलें काम त्यांनीं पुनः आरंभिलें.

आमच्या विद्यार्थ्यांनीं अजिंठ्यास जावें तेव्हां सर्व लेणीं धांवत पाहूं नयेत. एकाच भिंतीपुढें उभें राहून तोच चेहरा दुसऱ्यांदा कोठें दिसतो तें शोधावें. तो सांपडला, कीं कथा आपण होऊन बोलूं लागेल.